वागळे इस्टेटच्या गाळ्यात माझदाचं १३बी : घरी बांधलेल्या विमानासाठी रोटरी इंजिन

वागळेचा_गाळा | ४ जानेवारी, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, सवडीने वाचा.

वागळे इस्टेटमध्ये आमचा गाळा आहे. वडिलांनी एका लेथवर सुरू केला, आज दोन लेथ, एक मिलिंग आणि एक सरफेस ग्राइंडर आहे. दिवसभर पंपांचे शाफ्ट, बुश, कपलिंग. पण मागच्या कोपऱ्यात दीड वर्षापासून एक इंजिन स्टँडवर उभं आहे आणि रात्री शटर ओढल्यावर मी त्याच्यापाशी बसतो. माझदाचं १३बी, बिनटर्बोचं. शर्यतीची एक गाडी मोडीत निघाली, तिच्यातून मिळालं. आपल्याकडे माझदा म्हटलं की स्वराज माझदाचा टेम्पो आठवतो, पण याच कंपनीने १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही दोन रोटरची गाडी विकायला काढली आणि १९९१ मध्ये चार रोटरच्या ७८७बीने ल मॉन्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली.

ज्यांना हे इंजिन माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फेलिक्स वँकेलच्या कल्पनेवर जर्मनीच्या एनएसयूने १९५७ मध्ये पहिलं इंजिन चालवलं. यात पिस्टन नाही, कनेक्टिंग रॉड नाही, व्हॉल्व्ह नाही, कॅमशाफ्ट नाही. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर कमरेत किंचित चेपलेल्या लंबगोल पोकळीत फिरतो आणि त्याची तिन्ही टोकं कायम भिंतीला टेकलेली राहतात. टोकांवर खाचेत बसवलेल्या पट्ट्या म्हणजे अपेक्स सील. रोटरची एक फेरी होते तेव्हा मधल्या एक्सेंट्रिक शाफ्टच्या तीन फेऱ्या होतात. १३बीमध्ये मुख्य फिरणारे भाग तीनच : दोन रोटर आणि एक शाफ्ट. हे पहिल्यांदा उघडून टेबलावर मांडलं तेव्हा आमचा जुना फिटर म्हणाला, "बाकीचं कुठंय?"

माझं म्हणणं असं आहे. परदेशात लोक गेली तीसेक वर्षं हे इंजिन घरी बांधलेल्या विमानांत बसवत आले आहेत. फ्लोरिडाच्या ट्रेसी क्रूक यांनी आरव्ही-४ या घरी बांधायच्या छोट्या विमानात १३बी बसवून वर्षानुवर्षं उडवलं. त्यांच्यासारख्यांच्या नोंदी मी जमतील तेवढ्या वाचल्या. विमान जमिनीवर का आलं हे पाहायला लागलो, तर रोटर किंवा शाफ्ट क्वचितच दोषी निघतो. दोष निघतो तो इंधनाच्या नळीत, वायरिंगमध्ये, रेडिएटरच्या जागेत, गिअरबॉक्समध्ये, म्हणजे आपण बाहेरून जोडलेल्या गोष्टींत. आणि या सगळ्या गोष्टी आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या गाळ्यांमध्ये रोज होतात. गिअर कापणारे राबाळ्यात आहेत, रेडिएटर जोडणारे कळव्यात आहेत.

विमान नंतर. आधी जमिनीवर, पंख्यासकट, उड्डाणातला भार देऊन शंभर तास चालवायचं. त्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे. विशेषतः रिडक्शन, म्हणजे पंख्याच्या फेऱ्या कमी करणारा गिअर, आणि कूलिंग.

---

तलावपाळीकर | ४ जानेवारी, रात्री ११:१५

दादा, वाचून अंगावर काटा आला. एक शंका. पहिल्या महायुद्धातल्या विमानांतही रोटरी इंजिनच होतं ना? मग हे नवीन कसं?

---

ऐरोली_८३ | ४ जानेवारी, रात्री ११:३२

नाव एक, जात वेगळी. नोम, ल रोन, क्लर्जे ही जुनी रोटरी इंजिनं पिस्टनचीच. त्यांच्यात क्रँकशाफ्ट विमानाला पक्का बांधलेला असायचा आणि सगळे सिलिंडर पंख्यासकट गरगर फिरायचे, वाऱ्याने गार राहावेत म्हणून. तेल एरंडाचं, तेही सतत जळून बाहेर उडायचं. एवढं वजन फिरत असल्याने वळताना विमान एका बाजूला ओढायचं. दादा म्हणतायत ते वँकेल. त्यात बाहेरचं कवच स्थिर असतं.

दादा, ते १३०८ सीसी आहे की २६१६? या प्रश्नावर मी मित्रांशी भांडलो आहे.

---

वागळेचा_गाळा | ५ जानेवारी, सकाळी ७:०५

भांडण मिटवू. रोटर आणि भिंत यांच्यामधल्या एका कप्प्याचं आकारमान काढायचं सूत्र सोपं आहे : ३ गुणिले ३ चं वर्गमूळ, गुणिले एक्सेंट्रिसिटी, गुणिले रोटरची त्रिज्या, गुणिले रुंदी. १३बीमध्ये एक्सेंट्रिसिटी १५ मिमी, त्रिज्या १०५, रुंदी ८०. उत्तर साधारण ६५४ सीसी. दोन रोटर, म्हणून कागदावर १३०८.

पण शाफ्टच्या प्रत्येक फेरीला प्रत्येक रोटर एकदा पेटतो. चार स्ट्रोकच्या पिस्टन इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. म्हणून चार स्ट्रोकशी तुलना करायची तर २६१६ धरा. हवा, पेट्रोल आणि उष्णता यांचा हिशेब २.६ लिटरच्या इंजिनाचा निघतो. १३०० सीसीचं म्हणून छोटा रेडिएटर लावणारा इथेच फसतो.

---

नेरुळची_वैमानिक | ५ जानेवारी, दुपारी १:२०

दादा, उत्साह समजतो आणि तुम्ही जमिनीवरचे शंभर तास आधी म्हणालात म्हणून लिहितेय. मी शिकवणीची उड्डाणं घेते. विद्यार्थ्याला पहिला प्रश्न विचारते : टेक-ऑफनंतर तीनशे फुटांवर इंजिन बंद पडलं तर विमानाचं नाक कुठे ठेवायचं?

लायकॉमिंग ओ-३६० हे लहान विमानांचं पिस्टन इंजिन घ्या. ५.९ लिटर, २७०० फेऱ्यांवर १८० अश्वशक्ती, ओव्हरहॉल २००० तासांनी. पंखा थेट शाफ्टवर, गिअर नाही, पाणी नाही, ठिणगी देणारे मॅग्नेटो दोन आणि त्यांना बॅटरी लागत नाही. विमानातली सगळी वीज गेली तरी इंजिन चालतं. तुमच्या इंजिनाला फ्युएल पंप, ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) आणि इग्निशनसाठी वीज लागणार. हे इंजिन काय केल्यावर बंद पडतं आणि काय केलं तरी पडत नाही, दोन्ही सांगा. तेवढं पटलं तर मी बाजूने आहे.

---

वागळेचा_गाळा | ५ जानेवारी, रात्री ९:४०

ताई, हाच प्रश्न हवा होता.

आधी न पडण्याबद्दल. पिस्टन इंजिनात व्हॉल्व्ह तुटला किंवा रॉड सुटला की त्याच क्षणी सगळं संपू शकतं. इथे तुटायला ते भागच नाहीत. अपेक्स सील तुटलं तर त्या रोटरचं कॉम्प्रेशन जातं आणि ताकद घटते, पण दुसरा रोटर ओढत राहतो. धावपट्टीपर्यंत तेवढ्यावर परतलेल्यांचे अनुभव मी वाचले आहेत. दुसरं म्हणजे माझदाने गाडीसाठीच प्रत्येक रोटरला दोन प्लग दिले, लीडिंग आणि ट्रेलिंग. कारण कप्पा लांबट आहे, एका ठिणगीची ज्योत टोकापर्यंत वेळेत पोचत नाही. विमानवाल्यांना त्यातून आयतं दुहेरी इग्निशन मिळतं. फक्त लीडिंगवर चाललं तर ताकदीत फारसा फरक पडत नाही, फक्त ट्रेलिंगवर जास्त पडतो.

आता पडण्याबद्दल. एक, पाणी संपलं तर. कवचात ॲल्युमिनियमची रोटर हाउसिंग आणि बिडाच्या साइड प्लेट एकाआड एक रचून लांब बोल्टांनी आवळलेल्या असतात. दोन धातू वेगवेगळे फुगतात. एकदा बेसुमार तापलं की मधले कूलंट सील शिजतात आणि परत गार केलं तरी ते इंजिन पूर्वीचं राहत नाही. दोन, पेट्रोलची वाफ झाली तर. तीन, वीज गेली तर. तिसऱ्यासाठी दोन बॅटऱ्या, दोन फ्युएल पंप आणि इंजिनासाठी वेगळी वीजवाहिनी, जिच्यावर रेडिओ किंवा दिवा काहीही नाही. अल्टरनेटर गेल्यावर एका बॅटरीवर किती मिनिटं चालतं ते मी स्टँडवर घड्याळ लावून मोजणार आहे.

पेट्रोल जास्त लागतं हेही मान्य. कप्प्याचा पृष्ठभाग आकारमानाच्या मानाने मोठा, त्यामुळे उष्णता भिंतींत जाते. अश्वशक्तीला तासाला साधारण २३० ग्रॅम धरा, लायकॉमिंग २०० च्या अलीकडे राहतं. शंभर अश्वशक्तीवर सरळ उडताना (क्रूझ) तासाला चार-पाच लिटरचा फरक.

---

नेरुळची_वैमानिक | ५ जानेवारी, रात्री १०:०५

उत्तर आवडलं. बॅटरीची मिनिटं मोजाल तेव्हा पंप, ईसीयू, इग्निशन तिन्ही पूर्ण भारावर ठेवा. आयडलवर, म्हणजे इंजिन नुसतं संथ चालू ठेवून, मोजलेल्या मिनिटांवर कुणाचा जीव ठेवू नका.

---

राबाळे_गिअर | ६ जानेवारी, रात्री ११:१०

माझा गिअर हॉबिंगचा गाळा आहे, राबाळे एमआयडीसीत. सत्तावीस वर्षं दाते पाडतोय. रिडक्शनबद्दल मनापासून लिहितो.

गिअर का लागतो ते आधी. १.८३ मीटरचा म्हणजे ७२ इंची पंखा २७०० फेऱ्यांवर फिरला की टोकाचा वेग सेकंदाला २५९ मीटरच्या आसपास. तोच पंखा थेट ६००० वर फिरवला तर ५७५ मीटर. आवाजाचा वेग ३४० च्या घरात. म्हणजे टोकं आवाजाच्या पुढे जातात, ओढ मिळत नाही, फक्त कानठळ्या. म्हणून रोटरी विमानवाल्यांत २.१७ आणि २.८५ ही दोन गुणोत्तरं चालत आली. ६००० ला २.१७ ने भागलं तर पंखा २७६५ वर, ७००० ला २.८५ ने भागलं तर २४५६ वर. दादा, मी २.८५ च्या बाजूचा आहे. या इंजिनाला फेऱ्यांचं भय नाही, पंखा मात्र सावकाश आणि मोठा असला तर चांगला.

आता खरं दुखणं. गिअर किती भार पेलतो हे पुस्तक बघून काढता येतं. मारतं ते टॉर्शनल कंपन. इंजिनाचा टॉर्क सलग नसतो, ठोक्यांनी येतो. दोन रोटरच्या इंजिनात फेरीला दोन ठोके. १५०० च्या आयडलला सेकंदाला ५०, ६००० ला २००. एका टोकाला फ्लायव्हील, दुसऱ्या टोकाला जड पंखा आणि मध्ये शाफ्ट स्प्रिंगसारखा पिळतोय. या जोडीची स्वतःची एक लय असते. ठोक्यांची लय तिच्याशी जुळली की पीळ वाढत जातो, मग स्प्लाइन (शाफ्टवरच्या खाचा) झिजतात, दाते खडखडतात, शेवटी शाफ्ट जातो. ताकद कमी पडल्याने नव्हे.

उपाय म्हणजे मधलं कपलिंग मुद्दाम मऊ ठेवायचं, रबराचं किंवा स्प्रिंगच्या डॅम्पर प्लेटचं, म्हणजे ती लय आयडलच्या खाली जाते. सुरू करताना आणि बंद करताना क्षणभर त्यातून जावं लागतं, तिथे रेंगाळायचं नाही. आणि पंखा लाकडाचा किंवा कंपोझिटचा घ्या. धातूच्या पंख्याची जडता जास्त.

आणखी दोन गोष्टी. साध्या दोन गिअरच्या जोडीत फिरण्याची दिशा उलटते, प्लॅनेटरीत (मधल्या गिअरभोवती छोटे गिअर आणि बाहेर रिंग गिअर) मधल्या गिअरला इंजिन जोडून रिंग धरून ठेवली तर तीच राहते. पंखा मागवण्याआधी हे ठरवा, नाहीतर उलट्या हाताचा पंखा घेऊन बसाल. आणि पंख्याची ओढ इंजिनाच्या शाफ्टवर जाता कामा नये. गिअरबॉक्समध्येच थ्रस्ट बेअरिंग हवं.

---

वागळेचा_गाळा | ७ जानेवारी, सकाळी ६:५०

दादा, तुमचा प्रतिसाद छापून गाळ्यात लावला. प्लॅनेटरीच करतोय. ड्रॉइंग घेऊन राबाळ्याला कधी येऊ?

---

राबाळे_गिअर | ७ जानेवारी, सकाळी ८:१५

शुक्रवारी बंद असतो. बाकी कधीही. हार्डनिंगनंतर दाते ग्राइंड करायचेत हे आधीच धरा, हॉबिंगवर सोडू नका.

---

खारघरचे_आजोबा | ८ जानेवारी, दुपारी ४:३०

मी मूळ नगरचा. नोकरीची सगळी वर्षं वाहनांच्या इंजिनांत गेली, आता मुलाकडे खारघरला असतो. मुलांनो, रोटरी आपल्या देशाला परकं नाही हे सांगायला लिहितोय.

डीआरडीओचं निशांत हे मानवरहित विमान होतं. गाडीवरच्या लाँचरने आकाशात सोडायचं आणि पॅराशूटने उतरवायचं. त्याच्यासाठी ५५ अश्वशक्तीचं वँकेल इंजिन आपल्याच लोकांनी बनवलं : बंगळूरच्या एनएएल आणि एडीई या विमानांच्या प्रयोगशाळा, आणि आमच्या नगरची व्हीआरडीई ही लष्करी वाहनांची प्रयोगशाळा. ५ एप्रिल २००९ ला कोलारजवळ निशांत त्या इंजिनावर पहिल्यांदा उडालं. त्या दिवशीची बातमी मी कापून ठेवली आहे. जगातही लहान मानवरहित विमानांत वँकेल सर्रास आहे, अमेरिकी लष्कराच्या शॅडोमध्ये ३८ अश्वशक्तीचं होतं. कारण साधं, वजन कमी आणि थरथर कमी, त्यामुळे कॅमेरा स्थिर राहतो.

रोटरच्या वाटेवरचा कठीण मुलामा आणि त्यावर घासणारं सील, ही या इंजिनाची जुनी कसोटी. माझदाच्या पहिल्या इंजिनांत सील थरथरून भिंतीवर लाटांसारखे ओरखडे पडायचे. जपानी लोक त्यांना सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणत. केनिची यामामोतो आणि त्यांचे सत्तेचाळीस इंजिनियर त्यावर वर्षानुवर्षं बसले. वागळेवाल्या, तुझी हाउसिंग उघडशील तेव्हा नखाने चाचपून बघ. प्लगच्या भोवती मुलामा उडालेला असेल तर ती हाउसिंग विमानाला नको.

---

वागळेचा_गाळा | ८ जानेवारी, रात्री १०:२०

काका, नमस्कार करतो. मागची हाउसिंग ट्रेलिंग प्लगजवळ खरवडलेली आहे, मी ती चालवून घेणार होतो. आता बदलतो.

---

कळवा_कूलिंग | ९ जानेवारी, रात्री ९:१५

मी कारचे एसी आणि रेडिएटर करतो. दादा, एक गंमत माहीत आहे का? अमेरिकेतले रोटरीवाले रेडिएटर म्हणून गाडीच्या एसीचे इव्हॅपोरेटर कोअर, म्हणजे आतल्या गार होणाऱ्या जाळ्या, वापरत आले आहेत. जाड, आटोपशीर, ॲल्युमिनियमचे. माझ्याकडे तसे ढीगभर पडलेत, भंगारात किलोने जातात. नळ्यांची तोंडं कापून मोठी पाइप टिगने वेल्ड करायची. वेल्डिंगआधी आतलं एसीचं तेल नीट धुवा, नाहीतर वेल्डला भोकं राहतात. नंतर पाण्यात बुडवून हवेचा दाब देऊन तपासतो, फुकट करून देईन.

पण तेल विसरू नका. या इंजिनात रोटर आतून तेलाने गार होतो. उष्णतेचे ढोबळ तीन भाग केले तर दोन पाण्यात आणि एक तेलात. म्हणजे ऑइल कूलर शोभेचा नाही, जवळजवळ रेडिएटरच्या तोलाचा.

---

नेरुळची_वैमानिक | ९ जानेवारी, रात्री ९:५५

कूलिंगबद्दल वैमानिकाच्या बाजूने एवढंच. गाडीला सगळ्यात जास्त उष्णता हायवेला, म्हणजे वारा भरपूर असताना. विमानाला सगळ्यात जास्त उष्णता चढताना, ताकद पूर्ण आणि वेग कमी असताना. त्यात मे महिन्यातला दुपारचा टॅक्सी. कोअर कितीही चांगला असू दे, हवा त्याच्या आजूबाजूने पळाली तर उपयोग शून्य. तोंडाशी निमुळती आणि कोअरकडे हळूहळू रुंदावत जाणारी डक्ट हवी, कडा सील केलेल्या हव्यात, आणि हवेला बाहेर पडायला आत येण्यापेक्षा मोठी वाट हवी. गरम झालेली हवा फुगलेली असते.

---

पाचपाखाडी_सतीश | १० जानेवारी, दुपारी १२:४०

कायद्याचं काय? आपल्याकडे हे उडवू देतात का?

---

ऐरोली_८३ | १० जानेवारी, दुपारी २:०५

कॅप्टन अमोल यादव यांचं उदाहरण आहेच. कांदिवलीच्या चारकोपला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ मध्ये मेक इन इंडियाच्या वेळी बीकेसीत ते ठेवलं होतं, मी मुलीला घेऊन बघायला गेलो होतो. डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक खात्याची, नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये मिळाली. बांधण्याइतकीच वर्षं कागदांत जातात, पण रस्ता बंद नाही. चाचणी मात्र मुंबईच्या आसपास विसरा. आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला, डोक्यावरचं आकाश भरलेलं आहे.

---

तलावपाळीकर | ११ जानेवारी, रात्री ८:३०

पेट्रोल पंपावरचं चालेल का? आता सगळीकडे २० टक्के इथेनॉल आहे.

---

वागळेचा_गाळा | ११ जानेवारी, रात्री १०:००

इंजिनाला चालेल. १३बीला फार ऑक्टेन लागत नाही, कप्प्यात लाल होऊन बसणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्हच नाही. अडचण इंजिनाच्या बाहेर. इथेनॉल पाणी ओढतं, काही रबरी नळ्या आणि फायबरच्या टाकीतलं काही रेझिन मऊ करतं, आणि लवकर वाफाळतं. ईसीयूचा नकाशाही, म्हणजे किती पेट्रोल सोडायचं याचा तक्ता, त्याच पेट्रोलवर बसवावा लागतो, कारण हवा-पेट्रोलचं प्रमाण बदलतं. मी दर कॅनला पाण्याची चाचणी करतो : मोजपात्रात ९० मिली पेट्रोल, १० मिली पाणी, हलवायचं आणि ठेवायचं. खालचा थर १० च्या वर जितका चढेल तितकं इथेनॉल.

आणि हो, सीलच्या वंगणासाठी गाडीतला तेलाचा छोटा पंप मी काढून टाकला. पेट्रोलमध्येच टू-स्ट्रोकचं तेल मिसळतो, लिटरला ७-८ मिली. स्वच्छ जळणारं तेल सीलला मिळतं आणि बिघडणारा एक भाग कमी होतो.

---

वागळेचा_गाळा | १ फेब्रुवारी, रात्री ११:४५

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय आणि बातमी चांगली नाही. नवीन हाउसिंग लावून इंजिन बांधलं, १८ तारखेला स्टँडवर सुरू केलं. पंखा नव्हता, ब्रेक लावून हलका भार. पहिल्या फटक्यात लागलं. तो आवाज गाळ्यात घुमला तेव्हा शेजारच्या प्रेसवाल्याने काम थांबवलं.

अकरा मिनिटं झाली. पाण्याचा काटा ७८ वर अगदी स्थिर. मी खूश. मग लक्ष तेलाकडे गेलं तर १२५ आणि चढतंय. पाणी गार आणि तेल तापतंय, हे कसं, असं म्हणत मी आणखी अर्धं मिनिट काट्याकडे बघत राहिलो. ते अर्धं मिनिट महाग पडलं. बंद करेपर्यंत थर्मोस्टॅटच्या गळ्यातून वाफ आली.

कारण असं. स्टँडवर इंजिन विमानातल्या कोनात तिरकं ठेवलंय, त्यामुळे पाणी भरायच्या झाकणाची जागा सगळ्यात उंच राहिली नाही. हवेचा बुडबुडा गळ्यात अडकला आणि सेन्सर नेमका त्यातच. सेन्सर पाण्याला टेकलाच नव्हता, कोरड्या हवेचं तापमान दाखवत होता. दुसऱ्या दिवशी सुरू केलं तर पांढरा धूर आणि टाकीत बुडबुडे. उघडलं. प्लगच्या बाजूचं आतलं कूलंट सील शिजून ठिसूळ झालेलं. प्लगची बाजू सतत गरम आणि इनटेकची बाजू सतत गार, हे या इंजिनाचं वैशिष्ट्य मला तोंडपाठ होतं. तरी सेन्सर मी सोयीच्या जागी लावला.

---

खारघरचे_आजोबा | २ फेब्रुवारी, सकाळी ६:१०

बाळा, बरं झालं जमिनीवर झालं. आता तीन गोष्टी कर. तिरक्या कोनात जो बिंदू सगळ्यात उंच येतो तिथून बारीक नळी वरच्या टाकीला सतत चालू ठेव, हवा आपोआप निघेल. दुसरी, पाण्याच्या तापमानावर एकट्यावर विश्वास ठेवू नको, पाण्याचा दाबही मोज. पाणी गेलं की तापमान खोटं बोलेल, दाब पडलेला लगेच दिसेल. तिसरी, टाकीत फ्लोट स्विच आणि समोर लाल दिवा.

सील परत बसवताना खोबणीला व्हॅसलीनचा हात लाव, जुळवताना सील चिमटत नाही.

---

नेरुळची_वैमानिक | २ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

दादा, ते अर्धं मिनिट लिहिलंत याबद्दल आभार. दोन काटे एकमेकांशी जुळत नाहीत तेव्हा वाईट बातमी देणारा खरा धरायचा आणि आधी थ्रॉटल मागे घ्यायचा. हे मी उद्यापासून वर्गात तुमच्या उदाहरणाने सांगणार आहे, नाव न घेता.

---

राबाळे_गिअर | २ फेब्रुवारी, दुपारी १:१५

गिअर हार्डनिंगहून आले, दहा दिवसांत ग्राइंड होतील. पंखा लावून चालवणार कुठे? गाळ्यात अजिबात नको. १६० अश्वशक्तीचा पंखा जागेवर ३०० किलोच्या आसपास ओढतो. फरशीचे अँकर उपटून येतील, आणि पंख्याच्या रेषेत कुणी उभं असेल तर विचारच नको.

---

मुरबाडकर | २ फेब्रुवारी, रात्री ८:४५

आमच्याकडे या. मुरबाडला शेताशेजारी मोकळं माळरान आहे, काँक्रीटचा जुना चौथरा आहे, पूर्वी गिरणीचं इंजिन होतं त्यावर. घरं पाऊण किलोमीटर लांब. दिवसा चालवा, शेजाऱ्यांना मी सांगतो.

---

वागळेचा_गाळा | २९ मार्च, रात्री १०:३५

चौथरा भक्कम निघाला. स्टँड ओढीच्या चौपट भारासाठी केलाय, पंख्याभोवती जाळी, रेषेच्या दोन्ही बाजूंना दोरी बांधून माणसांना बंदी. गेल्या दोन रविवारी मिळून सहा तास चाळीस मिनिटं झाली. बाहेर ३७ अंश.

पाच हजार आठशेवर वीस मिनिटं सलग ठेवलं : पाणी ९१, तेल १०२, पाण्याचा दाब स्थिर. कळव्याच्या दादांचे दोन कोअर आणि ताईंनी सांगितल्याप्रमाणे डक्ट. पहिल्या रविवारी बाहेरची वाट लहान होती तेव्हा तेल ११८ ला गेलं होतं, वाट दीडपट केल्यावर सोळा अंश उतरलं. गिअरबॉक्स १२०० ते १३०० च्या मध्ये खडखडतो, त्यावर आणि त्याखाली शांत. आयडल १६०० वर ठेवलं. एका बॅटरीवर, ताई, सगळं पूर्ण भारावर ठेवून, ४३ मिनिटं चाललं, मग पंपाचा दाब उतरायला लागला.

आजोबा खारघरहून स्वतः आले होते. खुर्ची टाकून दोरीच्या बाहेर बसले आणि सहाही तास हातातल्या वहीत दर पाच मिनिटांनी आकडे लिहिले. ती वही आता या इंजिनाचं लॉगबुक आहे.

आता नवा प्रश्न. एक्झॉस्ट. या इंजिनाचा धूर ९०० अंशांच्या आसपास आणि ठोके जबरदस्त. साध्या स्टीलचा मफलर केला होता, आतली जाळीची नळी पाच तासांत चुरा होऊन मागून बाहेर आली. ३०४ स्टेनलेसचा पाइप पोर्टजवळ निळा-काळा पडून फ्लँजपाशी चिरला. जास्त उष्णता सोसणाऱ्या ३२१ स्टेनलेसचा पत्रा हवाय, दीड मिमी, फार नाही, चार बाय दोन फूट. बाजारात विचारलं तर अख्खी शीटच घ्या म्हणतात.

---

पाचपाखाडी_सतीश | २९ मार्च, रात्री ११:०५

माझ्याकडे ३२१ चा तुकडा आहे, एका भट्टीच्या कामातून उरलेला. दीड मिमीच, पाच बाय अडीच. पैसे नकोत. शनिवारी चारनंतर घरी असतो.

---

वागळेचा_गाळा | २९ मार्च, रात्री ११:१२

शनिवारी साडेचारला येतो. चिरलेला फ्लँज बरोबर आणतो, मापं तिथेच उतरवून घेऊ.